आपल्याच अंगाची ओळख

दुपारची जेवणं झालेली, भांडी घासून पालथी घातलेली, घरातली माणसं आपापल्या कामाला गेलेली. अशी एखादी वेळ निवडा. रात्रीची निजानीज झाल्यावरचीही चालेल. दार लोटा, कडी घाला. मोबाइलचा आवाज बंद करून तो बाजूला ठेवा. भिंतीला पाठ टेकून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. अर्धा तास कुणी हाक मारणार नाही असं बघा, आणि कुणी मारलीच तर ‘आले’ म्हणत लगेच उठू नका.

हे मनन वाचता वाचता करायचं आहे. थोडं वाचावं, थांबावं, डोळे मिटावेत, मग पुढे जावं. एका बैठकीत संपलंच पाहिजे असं काही नाही.

दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवा. खांदे कानांकडे ओढले गेले असतील, ते खाली सोडा. श्वास येतोय, जातोय. त्याला तसाच येऊ-जाऊ द्या. आता हातांकडे बघा. सकाळपासून या हातांनी काय काय केलं? नळाला पाणी आलं तेव्हा पिंप भरलं. कणीक मळली, डबे भरले. वसईच्या एखाद्या वाडीत राहत असाल तर अंधार असतानाच चाफा खुडला असेल, भाजीच्या जुड्या बांधल्या असतील. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या असाल तर मासळीच्या टोपल्या उचलल्या असतील. नालासोपाऱ्याच्या असाल तर सकाळच्या गर्दीत लोकलच्या डब्याचा दांडा पकडला असेल. एकदा नीट बघा त्यांच्याकडे. बोटांची पेरं, नखांच्या कडा, तव्याने भाजल्याचा एखादा जुना डाग.

या हातांना पुष्कळ कळतं. लेकराच्या कपाळाला हात लावला की थर्मामीटर काढायच्या आधी ताप कळतो. तो कळतो, कारण ताप नसतानाचं कपाळ हाताच्या ओळखीचं असतं. ही ओळख कुणी शिकवलेली नसते, रोजच्या सवयीने आलेली असते.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. उत्तराची घाई नको. हा हात तुमच्या स्वतःच्या छातीवर शेवटचा कधी गेला? पदर सारखा करायला जातो. ओढणी ओढून घ्यायला जातो. विरार फास्टमध्ये शिरताना बॅग पुढ्यात येते, दोन्ही हात आडवे छातीशी येतात आणि कोपर आपोआप बाहेर निघतं. मूल अंगावर पीत होतं तेव्हाही जात होता, पण तेव्हा सगळं लक्ष बाळाच्या तोंडाकडे होतं. आपलं अंग कसं आहे हे नुसतं जाणून घ्यायला तो किती वेळा गेला?

बहुतेकींना ‘कधीच नाही’ असंच म्हणावं लागेल. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. वयात येताना खांदे थोडे पुढे वाकवून चालायचं, हे आपल्याला कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं, तरी आपण सगळ्या शिकलो. वर्षानुवर्षं जे झाकून ठेवलं त्याच्याशी एका दुपारी ओळख होणार नाही. सुरुवात तेवढी होईल.

उजवा हात हळूच छातीवर ठेवा. कपड्यावरूनच. काही शोधायचं नाही, दाबायचं नाही. हाताखालची ऊब जाणवू द्या. श्वासाबरोबर हात वर येतोय, खाली जातोय. लाज वाटेल. भीतीने पोटात गोळा येईल. ‘नको ते हाती लागलं तर?’ असं मनात येईल. येऊ द्या. भीती आली म्हणून हात काढून घेऊ नका.

हात तसाच असू द्या आणि आपल्या शेजारच्याच शहरात घडलेलं एक काम मनासमोर आणा.

1998 साली परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार 538 बाया त्यात होत्या. वस्त्यांचे 20 गट पाडले. 10 गटांतल्या बायांची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी झाली. उरलेल्या 10 गटांत सुरुवातीला कर्करोगाची माहिती दिली गेली आणि पुढे ठरावीक काळाने घरी जाऊन विचारपूस होत राहिली. हे सगळं 20 वर्षं चाललं. तपासायला डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. बोटं होती, आणि समोरच्या बाईला धीर देणारे दोन शब्द होते.

डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी न झालेल्या गटांत ज्यांना स्तनाचा कर्करोग निघाला, त्यांतल्या 47 टक्के बाया तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर पोचलेल्या होत्या. तपासणीच्या गटांत हे प्रमाण 37 टक्के होतं. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. तेही इथे सांगायलाच हवं.

या आकड्यांवर थोडं थांबा. दहावी शिकलेल्या बाईची शिकवलेली बोटं आणि वस्तीतल्या एका खोलीत तिच्यासमोर ब्लाऊज सैल करणारी दुसरी बाई. वीस वर्षांत जे साधलं ते या दोघींनी साधलं. मला या कामाचा अभिमान वाटतो, आणि आपल्या इतक्या जवळ झालेलं हे काम वसईतल्या बायांच्या कानावर जवळजवळ आलेलंच नाही, याची खंतही वाटते.

याच्या शेजारी दुसरी एक हकिकत ठेवायला हवी. ती झाकून ठेवली तर तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या 2 लाख 66 हजारांवर बायांचा असाच अभ्यास झाला. निम्म्या बायांना स्वतःचे स्तन स्वतः तपासायला शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी करून घेतली. 2002 साली निष्कर्ष आले. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने 135 मृत्यू झाले होते, न शिकवलेल्या गटात 131. शिकवलेल्या बायांना साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यापायी त्यांना जास्त तपासण्यांतून जावं लागलं.

मग आपण हा हात छातीवर का ठेवला आहे?

त्या अभ्यासानंतर डॉक्टरांचं सांगणं बदललं. दर महिन्याला परीक्षेला बसल्यासारखं स्वतःला तपासत राहा, असा आग्रह आता फारसं कुणी धरत नाही. आपलं नेहमीचं अंग कसं आहे ते माहीत असावं, नेहमीपेक्षा काही वेगळं दिसलं तर ते अंगावर काढू नये, आणि ठरलेल्या वयात जाणकार हाताकडून तपासून घ्यावं, असं ते सांगतात. तुमचा हात सोनोग्राफीची किंवा मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. पण दोन तपासण्यांच्या मधल्या सगळ्या दिवसांत, दररोज, तुमच्यासोबत तोच असतो. आपल्याकडे बहुतेक गाठी प्रथम त्या बाईच्याच हाताला लागतात, बऱ्याचदा आंघोळ करताना. त्या दिवसापासून डॉक्टरकडे पोचण्याच्या दिवसापर्यंत जे महिने जातात, ते मला वाचवायचे आहेत.

आता उठा. आरसा असेल तर कंबरेपर्यंतचे कपडे काढून त्याच्यासमोर उभ्या राहा. दिवा लावा. हात बाजूला सोडलेले.

नुसतं बघा. चेहऱ्याकडे बघतो तसं, नावं न ठेवता. स्तन ओघळलेले असतील, एक लहान एक मोठा असेल. दोन्ही तंतोतंत सारखे जवळजवळ कुणाचेच नसतात. बाळंतपणाच्या रेषा असतील. बोंड लहानपणापासून आत वळलेलं असेल तर ती तुमची ठेवण आहे. आजवर बाहेर असलेलं अलीकडे आत ओढलं गेलं असेल तर तो बदल आहे. कातडीवर कुठे खळगा पडतो का, कुठे ती जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंडावर न बरी होणारी खपली किंवा पुरळ आहे का, बघा. आता दोन्ही हात डोक्यावर न्या, सावकाश. दोन्ही बाजू सारख्या वर सरकतात का? मग हात कंबरेवर दाबून थोडं पुढे वाका. आत काही धरून ठेवलेलं असेल तर अशा वेळी कातडी तिथे ओढली जाते.

आरसा नसेल, किंवा एका खोलीत सहा माणसं राहत असतील आणि न्हाणीघर चाळीत सामायिक असेल, तर हे सगळं जमणार नाही. नालासोपाऱ्यात, विरार पूर्वेला अशा कितीतरी घरांतल्या बाया हे वाचत असतील. त्यांनी पुढचा भाग रात्री चादरीखाली, उताणं पडून करावा. अंधारात बोटांना जास्त नीट कळतं.

उताण्या पडा. उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवा. उजवा हात डोक्याखाली. त्यामुळे स्तन छातीवर पसरतो आणि बोटांना खोल जाता येतं. आता डाव्या हाताची मधली तीन बोटं जुळवा. टोकं नकोत, पेरांचा मऊ, सपाट भाग हवा. काखेपासून सुरू करा. एका नाण्याएवढ्या जागेत बोटं गोल फिरवा: आधी अगदी हलकी, कातडी हलेल एवढीच, मग थोडी दाबून, मग खाली बरगडी जाणवेपर्यंत. तीनदा. मग बोटं न उचलता थोडी खाली सरका. पुन्हा तीनदा. अशा उभ्या रेघा ओढत काखेच्या मध्यापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायचं. वर गळ्याच्या हाडापर्यंत आणि खाली स्तनाच्या घडीच्याही खालपर्यंत.

घाई करू नका. पहिल्यांदा हाताला सगळंच गाठीगाठीचं लागेल आणि घाबरायला होईल. ते बहुतेक नेहमीचं असतं. दुधाच्या ग्रंथी आहेत, त्यांच्यामध्ये चरबी आहे, खाली बरगड्या आहेत. खालच्या घडीजवळ एक घट्टसर कड लागते, ती पुष्कळ बायांना असते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन भरून येतात, दुखतात, दाणेदार लागतात. म्हणून ही ओळख पाळी सुरू झाल्यापासून आठवडाभरानंतर, सूज उतरल्यावर करून घ्यावी. पाळी गेली असेल तर एखादी लक्षात राहील अशी तारीख धरावी.

वरच्या, बाहेरच्या भागावर, काखेकडे जाणाऱ्या बाजूवर, जास्त वेळ रेंगाळा. तिथे ग्रंथी सर्वांत दाट असतात, स्तनाचं शेपूट काखेत शिरतं, आणि सर्वांत जास्त कर्करोग याच भागात निघतात. काख तपासताना हात पूर्ण वर नको. थोडा सैल सोडला की बोटं आत जातात. बोंड पिळायचं कारण नाही. न दाबता आपोआप, विशेषतः एकाच बाजूने, रक्ताळ किंवा पाण्यासारखं काही येत असेल, ब्लाऊजला डाग पडत असेल, तर ते लक्षात ठेवा.

आता बाजू बदला. डावा हात डोक्याखाली, उजव्या हाताची बोटं. दुसऱ्या बाजूला काय सारखं आहे, काय वेगळं आहे, हे मनात नोंदवत जा. पुढच्या वेळी तुलना कशाशी करायची ते आजच्या या नोंदीवरून कळेल.

मूल अंगावर पीत असेल तर स्तन दर तासाला बदलतात. पाजून झाल्यावर, मोकळे झाले की बघा. दुधाची गाठ पाजल्यावर, शेकल्यावर विरते. आठ-पंधरा दिवस एकाच जागी राहिलेली गाठ, किंवा औषध घेऊनही न उतरलेली लाली आणि सूज, ‘दूधच साठलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

झालं. पांघरूण घ्या. थोडा वेळ तशाच पडून राहा.

आता हात शांत ठेवा आणि मन मागे जाऊ द्या. आपल्या घरातल्या बाया एकेक करून आठवा. आई, आजी, मावशी. ‘आजारी होती आणि गेली’ एवढंच जिच्याबद्दल बोललं गेलं, अशी त्यांच्यात कुणी आहे का? काय झालं होतं तिला? आता वडिलांकडच्या बाया: आत्या, चुलत आत्या, वडिलांची आई. आपण ही बाजू नेहमी विसरतो, पण जो दोष वंशात उतरतो तो वडिलांकडूनही तितकाच येतो. कुणाला तरुणपणीच स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरला ते आपणहून सांगा. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभरातल्या एखाद्या रुग्णाइतका. काका-मामांकडेही नजर टाका. आणि घरात कुणालाच नव्हता म्हणून निर्धास्तही होऊ नका. वंशाने आलेले कर्करोग 5 ते 10 टक्केच असतात. बाकीच्यांतल्या पुष्कळजणींच्या घरात हा आजार पहिल्यांदा त्यांनाच झालेला असतो.

आजीच्या आयुष्याशेजारी आपलं आयुष्य ठेवून बघा. तिला सात-आठ बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन-दोन वर्षं अंगावर. नातीचं लग्न तिशीला, एक मूल किंवा दोन, आणि 26 आठवड्यांची रजा संपली की पुन्हा सकाळची गाडी. 2002 साली 30 देशांतल्या बायांची माहिती एकत्र करून काढलेला हिशेब असा: प्रत्येक बाळंतपणाने या आजाराचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी उतरतो, आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक वर्षाने आणखी 4.3 टक्क्यांनी. पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं, पाळी गेल्यावर वजन वाढणं, दारू, या सगळ्यांनी तो चढतो. मुंबईत बायांच्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिला आहे. वसईच्या हिरव्या पट्ट्यात इमारती आल्या तसं बायांचं जगणंही मुंबईचं झालं, तेव्हा धोकाही तिथल्यासारखाच धरायला हवा.

यातून कुणाला वाटेल की शिकलो, नोकरी केली, कमी मुलं झाली म्हणून ही शिक्षा. हे मनातून काढून टाका. धोका म्हणजे दोष नव्हे. आजीच्या पिढीतल्या किती बाया बाळंतपणातच गेल्या, तेही त्याच हिशेबात धरा.

वसईत ही गोष्ट एका गटाला वेगळी सांगायला हवी, ती म्हणजे आपल्या सिस्टरांना. इथल्या वाड्यांतल्या कितीतरी मुली मठात गेल्या, शाळा-दवाखान्यांत आयुष्य वेचत आहेत. इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने 1700 साली, कामधंद्यातून होणाऱ्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथात, मठवासिनींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो असं नोंदवून ठेवलं आहे. मूल न झालेल्या बायांना धोका थोडा अधिक असतो, हे पुढे सिद्धही झालं. जी बाई दुसऱ्यांच्या अंगावरच्या जखमा धुते, तिला स्वतःच्या अंगाकडे बघणं चैनीचं वाटत असेल. सिस्टर, तसं वाटून घेऊ नका. तुमच्या घरातली बहीण-भाची तुम्हाला हे विचारायला धजावणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

लाजेबद्दलही थोडं. संत अगाथा तिसऱ्या शतकातली, सिसिली बेटावरच्या कतानिया शहरातली. छळात तिचे स्तन कापले गेले, असं परंपरा सांगते. 5 फेब्रुवारीला तिचा सण असतो आणि स्तनांचे आजार असलेल्या बाया तिचा धावा करतात. जुन्या चित्रांत ती उभी असते, हातात तबक, तबकात तिचे स्तन. शेकडो वर्षं देवळांच्या भिंतींवर, सगळ्या गावासमोर. ज्या श्रद्धेने हे चित्र निःसंकोच वेदीजवळ लावलं, त्या श्रद्धेच्या घरांतही डॉक्टरसमोर ‘छातीत जरा दुखतंय’ एवढंच तोंडून निघतं. डॉक्टर हृदयाचा कागद काढतो, तो बरा निघतो, बाई घरी येते. गाठ आहे तिथेच राहते. आपण इथे एकदा मनातल्या मनात, मग ओठ हलवून, मग ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणून बघू या: ‘माझ्या स्तनात गाठ लागते आहे.’ म्हणा. पुन्हा म्हणा. खोलीत काही पडलं नाही, कुणी धावून आलं नाही. गरज पडली तर हेच वाक्य तोंडून निघायला हवं.

आणि खरंच काही लागलं असेल तर?

काळजाचा ठोका चुकेल. मग डोकं सबबी शोधायला लागेल. दुखत नाही ना, मग काही नसेल. गणपती जाऊ देत. पोरीची दहावी होऊ दे. नाताळ झाला की दाखवू. या सबबी ओळखून ठेवा, कारण बाया मरतात त्या बहुतेक या सबबींमध्ये अडकून. दुखत नाही, ही दिलासा देणारी गोष्ट नाही. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखतच नाही. दुखेल तेव्हा जाऊ, असं ठरवणारी बाई नेमकी उशिरा पोचते.

दुसऱ्या बाजूने हेही तितकंच खरं आहे की बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून निसटणाऱ्या, सरकणाऱ्या साध्या गाठी असतात. चाळिशीत पाण्याच्या गाठी असतात. पण कुठली गाठ कसली, हे तुमच्या बोटांना कळणार नाही, शेजारणीला कळणार नाही आणि नुसत्या हाताने डॉक्टरलाही नक्की सांगता येणार नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: डॉक्टरची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि संशय असेल तर सुईने तुकडा काढून तपासणं. सुई लावली की कर्करोग पसरतो, हे आपल्याकडे घरोघर बोललं जातं आणि ते खोटं आहे. या एका बोलण्याने किती बायांचं सोन्यासारखं वर्ष पाल्यात, लेपात आणि मंतरलेल्या धाग्यात गेलं असेल, या विचाराने जीव कळवळतो.

लवकर जाण्यात काय आहे, ते आपल्याच देशातल्या नोंदींत आहे. गाठ स्तनापुरतीच असताना निदान झालेल्या शंभर बायांपैकी 81 पाच वर्षांनंतरही जगत होत्या. आजार दूर पसरल्यावर पोचलेल्या शंभरांपैकी 18. हे आकडे डोळे मिटून एकदा मनात म्हणा. आज लवकर सापडलेल्या गाठीसाठी पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून, किरणांचा शेक देऊन भागतं.

आपल्याकडे ‘टाटाला नेलंय’ हे आवाज खाली करून सांगतात, जणू माणूस हातचा गेलाच. 1941 पासून परळला उभ्या असलेल्या त्या इमारतीतून बऱ्या होऊन घरी आलेल्या बाया आपल्याच गल्लीत असतात. त्या बोलत नाहीत म्हणून आपल्याला फक्त गेलेल्या आठवतात. तुम्ही त्यांतल्या एक असाल तर माझी हात जोडून विनंती आहे, बोला. लग्नात, फुगडीच्या रिंगणात, मिसा सुटल्यावर चर्चच्या आवारात, लेडीज डब्यात बोला. तुमचं एक वाक्य डॉक्टरांच्या दहा पत्रकांहून जास्त काम करेल.

आता डोळे उघडा, कपडे सारखे करा. आज काही वेगळं लागलं नसेल तर कामाला लागा आणि पुढच्या महिन्यात पाळीनंतर पुन्हा पाच मिनिटं काढा. वेगळं काही लागलं असेल तर एका पाळीच्या पलीकडे थांबू नका. पाळी गेलेली असेल तर याच आठवड्यात दाखवा. जाताना कुणाला तरी सोबत न्या. पैशांची काळजी असेल तर रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेची खिडकी कुठे आहे ते आधी विचारा. कर्करोगाचे उपचार तिच्यात बसतात.

आणखी एक काम. 2016 सालच्या सरकारी आराखड्याप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर 5 वर्षांनी प्रशिक्षित हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या 0.9 टक्के निघाल्या, शंभरात एकही पुरती नाही. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते, स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का, असं विचारते, आणि ओटीवर सासरे बसलेले असतात म्हणून आपण ‘नाही, नाही’ म्हणून तिला पुढच्या दारी पाठवतो. पुढच्या वेळी तिला आत बोलवा, पाणी द्या, स्वयंपाकघरात बसवा आणि तिला विचारा, ‘ताई, ही तपासणी आपल्याकडे कुठे होते, कुठल्या वारी होते?’ त्या वारी जा, आणि शेजारणीलाही घेऊन जा.